‘प्रिन्स’वर जिंकतो, ‘किंग’वर मार खातो

लेव्हल वाढवू का कमी करू, या एकाच प्रश्नाभोवती या वेळची बहुतेक पत्रं फिरताहेत. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल खेळायच्या, स्ट्रॅटेजी गेम्सना दिली आहे. निम्म्याहून जास्त पत्रं ‘सिव्हिलायझेशन सिक्स’बद्दल आहेत. त्या उत्तरांतले आकडे ‘राइज अँड फॉल’ आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हे दोन्ही विस्तार टाकलेल्या गेमचे आहेत, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे स्टँडर्ड वेगाचे.

प्रश्न : सिव्ह सिक्समध्ये प्रिन्सवर मी आरामात जिंकतो. किंग घेतली की चाळिसाव्या टर्नच्या आसपास शेजारी चढाई करतो आणि राजधानीच जाते. एका लेव्हलमध्ये एवढा फरक कसा? (सांगली)

उत्तर : एवढा फरक नाहीच. आकडे बघितले की लक्षात येईल.

गेममध्ये आठ लेव्हल आहेत : सेटलर, चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग, एम्परर, इमॉर्टल, डीइटी. प्रिन्सवर तुम्ही आणि कॉम्प्युटर बरोबरीचे. तिच्या खाली लढाईत तुमच्या सैन्याच्या बळात भर पडते : वॉरलॉर्डवर 1, चीफटनवर 2, सेटलरवर 3. प्रिन्सच्या वर हेच माप कॉम्प्युटरच्या पदरात पडतं. किंगवर त्याचं उत्पादन आणि सोनं 20 टक्क्यांनी वाढतं, विज्ञान, संस्कृती आणि श्रद्धा 8 टक्क्यांनी, लढाईचं बळ 1 ने, आणि सुरुवातीला एक वॉरियर जास्तीचा मिळतो. पुढे प्रत्येक पायरीला त्याच हिशेबाने वाढ : एम्पररवर 40 आणि 16 टक्के, इमॉर्टलवर 60 आणि 24, डीइटीवर 80 आणि 32, बळ अनुक्रमे 2, 3 आणि 4. कॉम्प्युटरची अक्कल मात्र सगळ्या लेव्हलवर तीच. तो हुशार होत नाही, नुसता श्रीमंत होतो.

आता लढाईतल्या त्या 1 गुणाची किंमत काढू. दोन्ही बाजूंचं बळ सारखं असेल तर एका वारात सरासरी 30 नुकसान होतं. प्रत्येक युनिटला जीव 100. तुमच्या आर्चरचं लांबून मारायचं बळ 25, समोरच्या वॉरियरचं 20. प्रिन्सवर ताज्या वॉरियरला पहिला बाण सरासरी 37 चा बसतो, किंगवर 35 चा, डीइटीवर 31 चा. म्हणजे किंगवर बाणामागे जेमतेम दोनाचा फरक पडला. एवढ्याने कुणाची राजधानी जात नाही.

मग पाणी मुरतंय कुठे? तुमच्या सैन्यात. प्रिन्सवर एक वॉरियर आणि दोन बिल्डर एवढ्या भांडवलावर पन्नास टर्न निभावून जातात, म्हणून तीच सवय पुढे येते. किंगवर शेजाऱ्याकडे एक वॉरियर जास्त असतो, पुढचे तो सहाव्या हिश्शाने लवकर काढतो, आणि कमकुवत शेजारी दिसला की कॉम्प्युटर युद्ध पुकारतो. त्यात भिंत नसलेल्या शहराला बाण मारता येत नाही, हे अनेकांच्या लक्षातच नसतं. वेढा पडल्यावर ते नुसतं मार खात बसतं.

पहिल्या चाळीस टर्नचा क्रम असा ठेवून बघा. राजधानीत आधी स्काउट, मग दोन स्लिंगर, म्हणजे गोफणवाले (प्रत्येकी 35 उत्पादन), त्यानंतर सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारं युनिट. पहिल्या सेटलरला 80 उत्पादन लागतं आणि तो शहराची एक लोकसंख्या घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे शहर 2 वर पोचायच्या आत तो काढताच येत नाही. मधला वेळ स्लिंगरसाठीच आहे. पहिला बार्बेरियन, म्हणजे रानटी टोळीतला सैनिक, दिसला की वॉरियरने त्याला जायबंदी करा आणि शेवटचा दगड स्लिंगरचा बसू द्या. स्लिंगरच्या हातून एक युनिट मेलं की आर्चरीचा ‘युरेका’ मिळतो, म्हणजे त्या शोधाचं 40 टक्के काम फुकटात होतं. आर्चरी हाती येईल त्या टर्नला दोन्ही स्लिंगर बढतीला टाका. त्यासाठीचं सोनं आधीच बाजूला काढून ठेवा. बरेच जण ते बिल्डर विकत घेण्यात उडवतात आणि मग शोध लागूनही हातात गोफणच राहते. तिसरा आर्चर थेट काढा (60 उत्पादन). तोवर ‘क्राफ्ट्समनशिप’ हा संस्कृती-टप्पा झाला असेल तर ‘अगोगे’ हे धोरणाचं कार्ड लावून काढा, या जातीच्या जुन्या युनिट्सना उत्पादन 50 टक्के जास्त मिळतं.

उभं कुठे करायचं, हेही महत्त्वाचं. वॉरियर पुढे, टेकडीवर किंवा नदीच्या अलीकडे, खंदक खोदायच्या म्हणजे ‘फॉर्टिफाय’च्या हुकमावर. एक आर्चर शहरात, बाकीचे वॉरियरच्या मागे. आर्चरचा पल्ला दोन घरांचा आहे, पण मध्ये जंगल किंवा टेकडी आली की त्याला पलीकडचं दिसत नाही. तो स्वतः टेकडीवर असेल तर सपाटीवरच्या जंगलावरूनही मारा करतो. शेजाऱ्याची चार-पाच युनिट्स सीमेवर घोळका करायला लागली की ती सहलीला आलेली नाहीत. ‘मेसनरी’चा शोध लागलेला असेल तर त्याच टर्नला भिंत लावा. तिला 80 उत्पादन लागतं, म्हणजे टर्नला 8 काढणाऱ्या शहराला दहा टर्न. तेवढा वेळ नसेल तर बिल्डरकडून शहराजवळचं जंगल तोडा, त्याचं लाकूड भिंतीच्या कामी येतं.

आणि एक स्वस्तातली गोष्ट. नवा नेता भेटला त्याच टर्नला 25 सोन्याचं शिष्टमंडळ पाठवा. तेव्हा तो बहुधा घेतो. दोन टर्नांनी तुमच्याबद्दल मत बनलं की परत पाठवतो.

प्रश्न : प्रिन्स सोपी वाटते, किंग जड जाते. लेव्हल तीच ठेवून डाव थोडा इकडेतिकडे करता येतो का? (नाशिक)

उत्तर : येतो, आणि आमच्या मते लेव्हलला हात लावण्याआधी हेच करून बघावं. नवा डाव मांडताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप’ उघडा.

सगळ्यात जास्त फरक पडतो नकाशाच्या प्रकाराने. ‘पँजिया’त सगळे एकाच भूखंडावर, म्हणजे कुणीही चालत येऊ शकतो. ‘काँटिनेंट्स’वर निम्मे शत्रू समुद्रापलीकडे राहतात. ‘आर्किपेलॅगो’, ‘आयलंड प्लेट्स’ यांवर तर कॉम्प्युटर फारच चाचपडतो. सैन्य जहाजावर चढवून दुसऱ्या किनाऱ्यावर एकवटून उतरवणं त्याला धड जमत नाही. त्यामुळे किंगवर ‘काँटिनेंट्स’ हा प्रिन्स आणि किंग यांच्या मधला जिना समजायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे गर्दी. ड्युएल नकाशावर 2 राष्ट्रं असतात, टायनीवर 4, स्मॉलवर 6, स्टँडर्डवर 8, लार्जवर 10, ह्यूजवर 12. नकाशा स्टँडर्ड ठेवून राष्ट्रं 6 केलीत तर दोन शहरं जास्त बसवायला जागा मिळते आणि पहिली चढाई लांबते. उलट 10 केलीत की प्रिन्ससुद्धा घाम काढते.

‘लेजंडरी’ सुरुवात निवडून काम सोपं होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. ती सुपीक जागा सगळ्यांनाच मिळते, शत्रूलाही. वरच्या लेव्हलवर हात दाखवून अवलक्षण.

प्रश्न : डाव अर्धा झाल्यावर लेव्हल बदलायची सोय कुठे आहे? सगळे मेनू पालथे घातले. (मडगाव)

उत्तर : सिव्ह सिक्समध्ये नाही. डाव मांडताना निवडाल ती शेवटपर्यंत.

तोच नकाशा वेगळ्या लेव्हलवर खेळायचा असेल तर आधीच तजवीज करावी लागते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप’मध्ये अगदी खाली ‘मॅप सीड’ आणि ‘गेम सीड’ असे दोन रकाने आहेत. त्यांत आपल्या मनाचे आकडे घाला आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच आकडे, नकाशाचा तोच प्रकार, तोच आकार, तेच नेते निवडलेत की भूगोल तोच मिळतो. यांतलं एक जरी बदललं तरी नद्या-डोंगर हलतात. सगळी मांडणी ‘सेव्ह कॉन्फिगरेशन’ने साठवून ठेवली तर लिहायचीही कटकट नाही.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक. अकरा वर्षांच्या नातवाबरोबर सिव्ह सिक्स खेळायचं आहे. बार्बेरियन आले की तो रडकुंडीला येतो. ते बंद करून टाकावेत का? (अमरावती)

उत्तर : सर, बंद करता येतात, मांडणीत ‘नो बार्बेरियन्स’ची चौकट आहे. पण करू नका असं सुचवू. काही युरेका त्यांच्यावरच अवलंबून आहेत. ‘ब्राँझ वर्किंग’चा युरेका तीन बार्बेरियन मारल्यावर मिळतो, ‘मिलिटरी ट्रॅडिशन’ या संस्कृती-टप्प्याची प्रेरणा (युरेकासारखीच सवलत) त्यांचा तळ उठवल्यावर. शिवाय शेजारी चालून येण्याआधी लढाईची तालीम व्हायला दुसरी जागा नाही.

त्यापेक्षा नातवाला त्यांची रीत दाखवून द्या. तळातून आधी एक टेहळ्या निघतो. त्याला तुमचं शहर दिसलं की डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं आणि तो माघारी धावतो. तो तळावर पोचला की टोळी सुटते. म्हणजे सगळा खेळ त्याला परत जाऊ न देण्याचा. एक वॉरियर आणि एक स्लिंगर शहराच्या दोन बाजूंना ठेवा, तो आला की वाट अडवा. आणखी एक : तुमच्या कुणाच्याही नजरेत असलेल्या घरात नवा तळ उगवत नाही, अंधारातच उगवतो. शहरामागच्या टेकडीवर एक स्काउट नुसता बसवून ठेवला तरी त्या अंगाची काळजी मिटते. लपंडावासारखं आहे हे, मुलांना पटकन कळतं.

बाकी मांडणी अशी ठेवा : लेव्हल चीफटन, नकाशा टायनी, वेग ‘क्विक’. सेटलर लेव्हल नको. तिथे काहीही केलं तरी चालतं, त्यामुळे मूल काही शिकत नाही आणि आठवड्यात कंटाळतं. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ टाकलेला असेल तर संकटांची तीव्रता 0 ते 4 असते, आपोआप 2 लावलेली असते. ती 1 करा. अगदी 0 नको, कारण पूर शेत मोडतो तसा गाळही टाकून जातो आणि त्या घराचं अन्न वाढू शकतं.

एकाच कॉम्प्युटरवर आलटून पालटून खेळण्यासाठी ‘हॉट सीट’ निवडा. आणि पहिल्या डावाला भारत घ्या. त्यांची खास बांधणी ‘स्टेपवेल’, म्हणजे आपली बारव, अन्न आणि राहायला जागा दोन्ही देते, शेताशेजारी बांधली तर अन्नात आणखी भर. टेकडीवर ती बांधता येत नाही, सपाटीच लागते. नातवाला खरी बारव दाखवायचं निमित्तही मिळेल.

प्रश्न : मॅरेथॉन वेगावर मी एम्परर जिंकलो, पण मित्र म्हणतात ते धरत नाहीत. वेगाने अवघडपणा बदलतो का? (ठाणे)

उत्तर : बदलतो, आणि मित्रांचं अगदीच चूक नाही. टर्नची मर्यादा ऑनलाइन वेगावर 250, क्विकवर 330, स्टँडर्डवर 500, एपिकवर 750, मॅरेथॉनवर 1500. शोध, इमारती, युनिट्स यांची किंमत त्या प्रमाणात ताणली जाते. चाल मात्र ताणली जात नाही. आर्चर मॅरेथॉनवर 180 उत्पादनाला पडतो, पण चालतो टर्नला दोनच घरं, तिन्ही त्रिकाळ.

याचा परिणाम बघा. शत्रूची राजधानी बारा घरांवर आहे, म्हणजे आर्चरला मोकळ्या रानातून सहा टर्न. स्टँडर्डवर पोचून वेढा घालेपर्यंत वीसेक टर्न जातात, तेवढ्यात समोरच्याने भिंत उभी केलेली असते. मॅरेथॉनवर तेवढ्याच वीस टर्नांत त्याचं काम तिसरा हिस्साच पुढे सरकतं. मारलेलं प्रत्येक युनिट परत काढायलाही त्याला तिप्पट वेळ. लढाईच्या डावपेचात माणूस कॉम्प्युटरपेक्षा सरस असतो, आणि मॅरेथॉन नेमकं तेच वजन वाढवतो. युद्ध करून जिंकणाऱ्याला एम्पररवर मॅरेथॉन म्हणजे साधारण किंगचा स्टँडर्ड वाटावा. उलट ‘ऑनलाइन’ वेगावर स्वारी निघेपर्यंत युनिट्स जुनाट होतात. युद्ध न करता विज्ञानाने जिंकला असाल तर मित्रांकडे दुर्लक्ष करा.

प्रश्न : एक्सकॉम टूमध्ये 95 टक्क्यांची गोळी हुकते. कॉम्प्युटर लबाडी करतो ना? (दुबई)

उत्तर : करतो, पण तुमच्या बाजूने.

परग्रहवासीयांशी लढणाऱ्या पथकाच्या या गेममध्ये लेव्हल चार आहेत : रुकी, व्हेटरन, कमांडर, लेजंड. खालच्या लेव्हलवर पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांपेक्षा आत वापरला जाणारा आकडा जास्त असतो. त्याशिवाय लागोपाठ नेम हुकले की पुढच्या नेमाला गुपचूप भर मिळते, पथकात माणसं कमी उरली की आणखी मिळते, आणि शत्रूच्या गोळ्या लागोपाठ लागल्या की त्याचा नेम थोडा ढिला केला जातो. ही मेहेरबानी रुकीवर सगळ्यात जास्त आणि लेजंडवर शून्य. म्हणून लेजंडवर गेलेल्यांना वाटतं की आता गेम फसवतोय. प्रत्यक्षात तिथेच तो पहिल्यांदा खरं बोलायला लागतो.

आता 95 चा हिशेब. विसातली एक हुकणारच. एका मोहिमेत अशा 30 गोळ्या मारल्या तर एकही न हुकण्याची शक्यता अवघी 21 टक्के. 75 टक्क्यांच्या चार गोळ्या चारही लागतील यावर बेत आखला असेल तर ते 32 टक्क्यांवर विसंबणं झालं. सेव्ह लोड करून तीच गोळी पुन्हा मारली तरी तीच हुकते, कारण फासा सेव्हबरोबरच साठवलेला असतो. क्रम बदलला, आधी दुसऱ्याने गोळी मारली, तर निकाल बदलतो.

लेव्हल कमी करण्याआधी आडोसा मोडायला शिका. नवख्या सैनिकाचा नेम 65. समोरचा पूर्ण आडोशामागे असेल तर त्यातून 40 वजा, उरले 25. अर्ध्या आडोशाचे 20 वजा होतात. अंतराची भर-घट वेगळी. तीन जणांनी 25 वर नेम धरण्यापेक्षा पहिल्याने ग्रेनेड टाकावा. ग्रेनेड हुकत नाही, थोडं नुकसान करतोच, आणि बहुतेक भिंती-गाड्या उडवून देतो. उरलेल्या दोघांना तोच शत्रू 65 वर मिळतो. ग्रेनेड ‘शेवटच्या मोहिमेसाठी’ जपून ठेवणारे लोक शेवटच्या मोहिमेपर्यंत पोचत नाहीत. बगलेवर जाऊनही आडोसा शून्य होतो, पण तिथे एक खोच आहे : पथकातल्या शेवटच्या माणसाने न पाहिलेल्या भागात धाव घेतली आणि नवी टोळी जागी झाली, तर तिला उत्तर द्यायला तुमच्याकडे कुणाचीच चाल उरत नाही. नवी जमीन नेहमी टर्नच्या पहिल्या माणसाने बघावी.

मोहिमेच्या घड्याळाने जीव मेटाकुटीला येत असेल तर ‘वॉर ऑफ द चोझन’ या 2017 च्या विस्तारात नवी मोहीम सुरू करतानाच्या जादा पर्यायांत टर्नची मुदत लांबवायची सोय आहे. लेव्हल न घटवता फक्त घाई कमी होते. तिथलंच ‘बीटा स्ट्राइक’ सगळ्यांचा जीव वाढवतं, आपल्या आणि त्यांच्याही; लढाया लांबतात, एका गोळीत माणूस गमवायची धास्ती कमी होते.

प्रश्न : आयर्नमॅन ही पाचवी लेव्हल समजायची का? (बेळगाव)

उत्तर : नाही, तो वेगळा खटका आहे, कुठल्याही लेव्हलवर लागतो. एकच सेव्ह राहतं आणि गेम स्वतःच त्यावर पुन्हा पुन्हा लिहितो, मागे जाता येत नाही. वीज वारंवार जात असेल आणि यूपीएस नसेल तर लावू नका. नेमकं लिहिताना वीज गेली आणि फाइल बिघडली तर परतायला दुसरी नसते. मागे न जाण्याचा नेम स्वतःच पाळून साधी सेव्ह ठेवणं बरं.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ खेळते. मोहिमेचा तिसरा-चौथा डाव आला की सोनंच उरत नाही. सगळ्यात सोपी लेव्हल घेऊ का? (कऱ्हाड)

उत्तर : ताई, आधी सोनं कुठे जातं ते पाहू. वेसनॉथमध्ये लेव्हल प्रत्येक मोहिमेची वेगळी असते. तिने मुख्यतः तुमचं आणि शत्रूचं सोनं आणि टर्नची मर्यादा बदलते, कधी शत्रूची युनिट्स. नेम लागायची टक्केवारी सगळीकडे तीच.

डाव जिंकल्यावर उरलेलं सगळं सोनं पुढे जात नाही. बऱ्याच मोहिमांत 40 टक्केच जातं, विजयानंतरच्या पडद्यावर तो आकडा येतो. त्यात लवकर संपवल्याचं बक्षीस मिळवलं जातं. ते राहिलेल्या टर्नांवर आणि नकाशावरच्या सगळ्या गावांवर मोजतात, तुम्ही घेतलेल्या गावांवर नव्हे. समजा गावं 12, टर्नला एक सोनं प्रत्येकी, मूळ उत्पन्न 2 आणि सहा टर्न आधी डाव संपला : 14 गुणिले 6, म्हणजे 84. हातात 100 उरलं होतं. एकूण 184, त्याचे 40 टक्के 74 च्या आसपास.

मेख इथे आहे. पुढच्या डावाला किमान सोनं ठरलेलं असतं. ते 100 असेल तर तुमचे 74 असोत की 7, मिळणार 100 च. म्हणजे सोनं राखायला जी काटकसर केली ती पाण्यात गेली. एवढं सोनं किमान आकड्याच्या वर जाणार नाही असं दिसलं तर त्याच डावात खर्च करा, आणि सहा टर्न आधी संपवायची घाईही करू नका. त्या टर्नांत तुमच्या होतकरू युनिट्सना शिकार मिळू द्या. युनिट मारलं की त्याच्या दर्जाच्या आठपट अनुभव मिळतो, नुसतं लढलं तर दर्जाएवढाच. म्हणून शेवटचा घाव दुसऱ्या दर्जाला पोचलेल्या सरदाराचा नको, बढतीच्या दाराशी उभ्या असलेल्या पोराचा हवा.

दुसरी गळती म्हणजे नवी भरती. जुना अनुभवी माणूस परत बोलवायला 20 सोनं पुरतं, तो दुसऱ्या दर्जाचा असला तरी. मात्र पोसायचा खर्च दर्जाप्रमाणे असतो आणि प्रत्येक गाव एक दर्जा फुकट पोसतं. आठ गावं हातात असताना दुसऱ्या दर्जाचे सहा जण उभे केले तर बारातले चार तुमच्या खिशातून जातात, टर्नमागे.

आणि घड्याळ बघून लढा. तुमची माणसं उजेडाच्या बाजूची असतील तर सकाळी आणि दुपारी त्यांचा घाव 25 टक्क्यांनी वाढतो, रात्रीच्या दोन प्रहरांत तेवढाच घटतो. ऑर्क हे अंधाराच्या बाजूचे, त्यांचं उलटं. संध्याकाळी ऑर्कवर चालून गेलात की चढाईतली अर्धी माणसं रात्रीत जातात आणि त्यांच्या जागी पुन्हा भरती. सोनं तिथे संपतं.

एवढं करूनही जड गेलं तर लेव्हल खुशाल उतरवा. मोहीम नव्याने सुरू करायची गरज नाही. लोड करायच्या खिडकीत डावाच्या आरंभीचं सेव्ह निवडा आणि ‘चेंज डिफिकल्टी’वर खूण करा. डावाच्या मधल्या सेव्हवर ते चालत नाही.

प्रश्न : सिव्ह सिक्समध्ये डीइटी खरंच जिंकता येते? (पुणे)

उत्तर : येते. पण तिथे कॉम्प्युटर तीन सेटलर आणि पाच वॉरियर घेऊन उतरतो आणि चार शोधांचे, चार संस्कृती-टप्प्यांचे बूस्ट त्याला फुकट मिळालेले असतात, त्यामुळे सुरुवातीच्या आश्चर्यांचा (जगात एकालाच उभारता येणाऱ्या वास्तूंचा) नाद सोडा. स्टोनहेंजच्या मागे लागून दहा-बारा टर्न घातले आणि ते दुसऱ्याने उभारलं, ही डीइटीवरची सगळ्यात नेहमीची चूक. तेवढ्या उत्पादनात दीड सेटलर निघाला असता.

त्याच्या 80 टक्के जादा सोन्याचा मात्र उपयोग करून घ्या. त्याच्या तिजोरीत ते नुसतं पडून असतं. चैनीच्या वस्तूंचा दुसरा नग मिळाला की लगेच विकायला काढा, प्रत्येक नेत्याकडे भाव विचारा, आणि जो रोख देईल त्याला द्या; टर्नमागे हप्ता घेतलात तर उद्या युद्ध झालं की हप्ता बंद. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मधली राजनैतिक मर्जीही तो विकत घेतो. त्या पैशांतून बिल्डर आणि आर्चरच्या बढत्या. पहिली साठ टर्न तो पुढेच दिसेल, गुणफलक उघडून बघत बसू नका.